सहा बटणांचं प्रूफ

माणूस डोळ्यांनी बघतो असं आपण म्हणतो. जुळारीकाकांना विचारलंत तर ते सांगतील, डोळे नुसते साक्षीला असतात. बघतात ती बोटं.

चौतीस वर्षं त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. एका खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटं. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला बारीक खाच असते. खिळा उचलला की खाच अंगठ्याला लागते, आणि न बघता कळतं की अक्षराचं डोकं कुठे आणि पाय कुठे. दिवसाला हजारो खिळे त्या दोन बोटांतून गेले. पुढे छापखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, खिळे वितळले. पण काकांच्या अंगठ्याच्या पेरावर एक गुळगुळीत घट्टा राहिला आणि गल्लीच्या तोंडी त्यांचं नाव राहिलं: जुळारीकाका. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्या नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. एकाला तर वाटायचं, काका लग्नं जुळवतात.

तर असे हे काका एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बाहेर उजेड ओसरला होता. काकांनी ओट्यावरचा दिवा लावला, विळी पुसली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आतल्या खोलीतून काहीच आवाज नाही, आणि आतल्या खोलीत उजेडही नाही. ते हात पुसत गेले. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. खोलीत इतका अंधार होता की त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पांढऱ्या केसांचा एक पुंजका दिसत होता.

"अगं, अंधारात काय बसलीस? केव्हापासून?"

पलंगावर नुसती पांघरुणाची सळसळ झाली.

"हाक मारायची की!"

काकूंनी मान भिंतीकडे वळवली. काकांनी दिवा लावला. काकूंच्या हाताशीच, उशीखाली, लेकीने आणून दिलेला रिमोट पडला होता. आठ दिवस तो तिथेच पडून होता.

आता हा रिमोट कुठून आला आणि उशीखाली का गेला, ते सांगायला हवं. पण त्याआधी काकूंविषयी सांगायला हवं, कारण काकू कळल्या नाहीत तर रिमोटही कळायचा नाही.

काकू त्याच छापखान्यात प्रूफं तपासायला होत्या. खिडकीशी टेबल, टेबलावर लाल पेन्सिल, आणि त्या पेन्सिलीचा धाक मालकापासून यंत्रावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना. जुळाऱ्याने पान जुळवायचं, त्याचा एक कच्चा ठसा कागदावर काढायचा, तो ठसा म्हणजे प्रूफ, ते काकूंकडे जायचं. काकू चुका काढणार, कागद लालेलाल होऊन परत येणार, जुळाऱ्याने दुरुस्ती करून पुन्हा प्रूफ पाठवायचं. असं दोनदा, तीनदा. शेवटी काकू कोपऱ्यात एकच शब्द लिहायच्या: "छापा". तो शब्द पडल्याशिवाय पान यंत्रावर चढायचं नाही. एकदा मालक स्वतः येऊन म्हणाले, "बाई, उशीर होतोय, द्या लिहून." तर या म्हणाल्या, "तुम्ही लिहा. खाली सहीही तुमची करा." मालक आल्या पावली परत गेले.

काकांचं पहिलं प्रूफ त्यांच्याकडे गेलं तेव्हा अकरा चुका निघाल्या. तरुण रक्त, काका धुसफुसले. दुसऱ्या खेपेस तीन निघाल्या. तिसऱ्या खेपेस एकही निघाली नाही आणि काकांच्या लक्षात आलं की आता ते पान खिडकीकडे जाणार नाही. त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग त्यांनी काय केलं, पुढच्या पानात शेवटच्या ओळीत एक शब्द उगाच चुकवला. म्हणजे पान एकदा जास्त जाईल, एकदा जास्त येईल. पान परत आलं. चुकीभोवती लाल गोल होता आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "ही चूक मुद्दाम आहे. परवानगी नाही."

काका सांगायचे, "त्याच दिवशी मी ठरवलं, जन्मभर चुका काढून घ्यायच्या तर हिच्याकडूनच."

आणि काकू पुढे पुस्ती जोडायच्या, "आणि जन्मभर पुरतील इतक्या केल्यात."

अशा बोलक्या बाईचा आवाज गेल्या थंडीत गेला. म्हणजे गेला नाही, पण मोडला. सकाळी केस विंचरता विंचरता कंगवा हातातून पडला, मागोमाग त्या पडल्या. उजवं अंग लुळं झालं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा डावा हात धड होता, डोकं लख्ख होतं, पण शब्द नीट येईनात. जुळवलेल्या पानाची दोरी सैल बांधली की उचलताना खिळे ओघळतात, तसे त्यांचे शब्द तोंडातून बाहेर पडताना ओघळायचे. एकेक शब्द जपून काढला तर निघायचा. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी आतून हाक मारली: "अहो". त्या हाकेचा आवाज असा काही निघाला की दारात उभा असलेला पेपरवाला दचकला आणि त्याने विचारलं, "काका, आत काय ओरडलं?"

त्याचा काही दोष नव्हता. पण काकूंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी हाक मारणं सोडलं. तहान लागली तरी नाही, पंखा अंगावर येऊन थंडी वाजली तरी नाही. काका दर अर्ध्या तासाने डोकावायचे आणि अंदाज बांधायचे. कधी बरोबर निघायचा, कधी चुकायचा. काकू कशालाच काही म्हणायच्या नाहीत, आणि काकांना त्याचंच भय वाटायचं. जिने उभ्या आयुष्यात त्यांची एक चूक सोडली नाही, ती आता खारट भाजीही मुकाट्याने गिळत होती.

लेक लांबच्या शहरात नोकरीला. ती चार दिवसांची रजा काढून आली. येताना खोकाभर सामान घेऊन आली. आतल्या खोलीत नवा दिवा बसवला, पंखा आणि घरातले बाकीचे दिवे जोडले, पडद्याच्या दांडीला एक छोटी मोटर लावली, रेडिओही जोडला, स्वयंपाकघरात एक घंटा ठेवली. आणि आईच्या हातात दिला तो रिमोट. पांढरा, हाताच्या तळव्याएवढा, दोन रांगांत तीन-तीन बटणं. सगळी गोल, सगळी सारखी, एकावरही खूण नाही.

"बघ आई, किती सोपं आहे. हे एकदा दाबलं की दिवा. दोनदा दाबलं की पंखा. दाबून धरलं की सगळं बंद. हे एकदा दाबलं की..."

लेक हुशार. पण हुशार माणसाला सोपं वाटतं ते सोपं असतंच असं नाही. ती गेली त्या संध्याकाळी काकूंनी दिवा लावायला बटण दाबलं. डावा हात सवयीचा नाही, त्यात थरथर. एकदा दाबायचं ते दोनदा दाबलं गेलं, दिव्याऐवजी पंखा सुरू झाला. तो बंद करायला म्हणून घट्ट दाबलं, ते दाबून धरलं गेलं, आणि घरातले सगळे दिवे गेले. स्वयंपाकघरात काकांच्या हातात गरम तवा. "अरे देवा, वीज गेली!" म्हणत ते चाचपडत निघाले आणि उंबऱ्याला ठेचकाळले. पायाचं बोट आठ दिवस काळंनिळं होतं. काकूंनी ते बोट बघितलं, रिमोट उशीखाली सरकवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

त्यानंतरची ती अंधारातली संध्याकाळ.

भाजी चिरायची तशीच राहिली. काका पलंगाच्या कडेला बसले, उशीखालचा रिमोट काढला आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. फिरवत राहिले. आणि त्यांना राग आला. लेकीचा नाही, काकूंचा नाही. ज्याने कोणी ते यंत्र केलं होतं त्याचा.

"याला डोकं-पाय काही आहे का? सहा बटणं आणि सगळी सावत्र भावंडांसारखी तोंड फिरवून बसलेली. बोटाला कळायचं कसं कोण कुठलं?"

छापखान्यात खिळ्यांची मोठी लाकडी पेटी असायची, तिला केस म्हणत. केसमध्ये शेकडो घरं. एका घरात एकच अक्षर. आणि घरांचा क्रम बाराखडीचा नसे. जे अक्षर सारखं लागतं ते हाताशी, जे महिन्यातून एकदा लागतं ते पार वर कोपऱ्यात. ज्या कुणा जुन्या माणसाने तो क्रम लावला त्याने जुळाऱ्याचा हात ओळखला होता. काकांना वाटलं, या रिमोटलाही केस बनवायला हवी. एका बटणाला एकच काम. दोनदा नाही, दाबून धरणं नाही. आणि जे जास्त लागतं ते तिच्या अंगठ्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला फोन लावला.

"ताई, या बटणांची कामं बदलायची आहेत. कशी बदलतात?"

"मोबाईलवर ते ॲप आहे ना बाबा, ते उघडा. मी बदलून देऊ का इथून?"

"नको. तू वाट सांग, चालतो मी."

"बरं. काय दिसतंय?"

"ते मला विचारतंय, कुठलं उपकरण."

"मग सांगा त्याला."

"घर माझं, उपकरणं माझी, आणि हाच उंबऱ्यात उभा राहून मला विचारतोय तुम्ही कोण!"

"बाबा!"

"बरं, बरं. 'बटण एक' असं आलंय. खाली 'एकदा दाबल्यास', 'दोनदा दाबल्यास', 'दाबून धरल्यास'."

"हां. दोनदा दाबणं काढू नका हं, फार उपयोगी असतं."

"उपयोगी तुला. जिचा हात कापतो तिच्या बोटाला एक आणि दोन सारखेच. तुझ्या आईने एका पानावर दोन अर्थ कधी चालू दिले होते का?"

पलीकडून लेक म्हणाली, "माझ्या ध्यानातच आलं नाही हो बाबा."

"तुझ्या ध्यानात यायला तुझं बोट थरथरायला हवं. ते नको. तू पुढचं सांग."

काकांनी तीन दिवस त्यात घातले. पहिल्या दिवशी पडदा रेडिओच्या बटणावर गेला. दुसऱ्या दिवशी घंटा अशी अडकली की दुपारभर वाजत राहिली. ती ऐकून वरच्या मजल्यावरून घड्याळजी खाली आला. हा घड्याळजी नाक्यावर घड्याळं दुरुस्त करायचा आणि काकांचा चाळीस वर्षांचा दोस्त. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

"काय रे, आग लागली का?"

"शिकतोय."

"या वयात? आण इकडे, बारीक यंत्रातलं मला कळतं."

"तुझ्या घड्याळाला काटे तीन, आणि तिन्ही एकाच दिशेला फिरतात. यात तुला काय कळायचंय? त्यापेक्षा तुझी ती बारीक कानस दे."

"कशाला?"

"बटणांना खाचा पाडायच्यात. घंटेला एक, दिव्याला दोन, पंख्याला तीन, पडद्याला फुली, रेडिओला आडवी रेघ. अंधारातही अंगठ्याला कळलं पाहिजे."

घड्याळजीने खिशातून कातड्याचं पाकीट काढलं, त्यातून काडीएवढी कानस काढली. "धर. आणि जपून. एकदा घासलं की परत भरून येत नाही."

"म्हणूनच आज घासत नाही," काका म्हणाले. "आधी प्रूफ."

मांडणी त्यांनी मोठ्या कष्टाने ठरवली होती. काकू रिमोट डाव्या हातात धरणार, डावा अंगठा डावी रांग सहज गाठणार, उजवी गाठायला ताणावा लागणार. म्हणून डाव्या रांगेत वरपासून खाली घंटा, दिवा, पंखा. उजव्या रांगेत पडदा, रेडिओ आणि शेवटचं बटण कोरं. घंटा सगळ्यात वर, सगळ्यात आधी. कारण काकांच्या मते सगळ्यात जास्त लागणारी वस्तू म्हणजे ते स्वतः. त्यांनी ही मांडणी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिली, सहा गोल काढले, गोलांत नावं लिहिली. मग तो कागद पुढ्यात ठेवून मोबाईलवर एकेका बटणाला एकेक काम नेमलं. सगळी बटणं स्वतः दाबून पाहिली. चोख.

चौथ्या दिवशी दुपारी, काकूंची झोप झाल्यावर, ते खोलीत गेले. कागद काकूंच्या समोर भिंतीला लावला. काकूंना उशीला नीट टेकवलं आणि रिमोट त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

काकूंनी हात मागे घेतला.

"अगं, एकदा बघ. दोनदा-बिनदा काही नाही आता. एका बटणाला एकच काम. सबंध केस नवी लावलीय. आणि माझं बोटही बरं झालंय, पुन्हा ठेचकाळायला तयार आहे."

काकूंच्या ओठाची डावी बाजू किंचित हलली. बऱ्याच वेळाने, जसं काही काकांवर उपकार करायचे म्हणून, त्यांनी रिमोट हातात घेतला. भिंतीवरचा कागद वाचला. दिवा, डावी रांग, मधलं. त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबला.

रेडिओ सुरू झाला. कुणीतरी जोरजोरात बाजारभाव सांगू लागलं.

"असू दे, असू दे," काका म्हणाले, "जरा तिरकं लागलं असेल. पुन्हा दाब."

काकूंनी पुन्हा दाबलं. बाजारभाव थांबले. काकूंनी अंगठा वर नेला. घंटा. दाबलं. स्वयंपाकघर गप्प राहिलं आणि खिडकीवरचा पडदा संथपणे बाजूला सरकू लागला. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वळून बघितलं. काकूंनी अंगठा खाली नेला. पंखा. दाबलं. काहीच झालं नाही.

काकांनी रिमोट घेतला, कागदाकडे बघितलं, रिमोटकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. त्यांना सगळं बरोबरच दिसत होतं. "असं कसं? मी स्वतः तपासलंय गं! एकेक बटण!"

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. अशा नजरेने त्यांनी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. डोळे बारीक, एक भुवई वर. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली. काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं. लाल पेन्सिल.

पेन्सिल होती. कपाटाच्या खणात, चष्म्याच्या जुन्या घरात, बोटभर उरलेली. काकांनी ती आणून दिली, भिंतीवरचा कागद काढून पाटावर ठेवून धरला. काकूंनी पेन्सिल मुठीत धरली, लहान मूल धरतं तशी. आणि अतिशय सावकाश, जीभ दातांत धरून, एक रेघ ओढली. रेघ डाव्या रांगेच्या वरून निघाली, मधून खाली उतरली आणि उजव्या रांगेला खालून कवेत घेऊन थांबली. वाकडी होती, थरथरलेली होती, पण छापखान्यातल्या झाडूवाल्यानेसुद्धा ती खूण ओळखली असती. याची जागा त्याला, त्याची जागा याला. अदलाबदल.

काकांनी कपाळाला हात लावला.

चौतीस वर्षं त्यांचा डोळा शिशात बघत आला होता. शिशाच्या पानावर जे उजवीकडे असतं ते कागदावर डावीकडे उमटतं. समोर कागद असेल तर हात आपोआप त्याची उलटी बाजू जुळवतो. डोकं मध्ये येतच नाही. कागदावर दिवा डावीकडे लिहिला, तर यांनी बटणांत तो उजवीकडे बसवला, आणि तपासतानाही त्याच उलट्या डोळ्याने तपासलं. सबंध रिमोट त्यांनी असा जुळवला होता, की जणू त्याला शाई लावून आता कागदावर दाबायचा आहे.

ते हसणार होते, पण काकूंचा चेहरा बघून थांबले. काकू हसत नव्हत्या. त्यांनी कागदावरच्या लाल रेघेवर पेन्सिल टेकवली आणि एकच शब्द ओठांतून जपून बाहेर काढला.

"मुद्दाम?"

काकांना कळलं, उत्तरावर सगळं टांगलेलं आहे. ही चूक मुद्दाम केलेली असेल, आजारी बाईला जरा बरं वाटावं म्हणून तिच्यापुढे टाकलेला तुकडा असेल, तर ही पेन्सिल खाली पडेल आणि पुन्हा उचलली जाणार नाही.

"शपथेवर सांगतो, नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. "अगं, मुद्दाम केली असती तर एक केली असती. सहाची सहा कशाला चुकवीन? चार दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसलोय यासाठी. त्या घड्याळजीपुढे मिशीला पीळ देऊन आलोय. त्याला कळलं तर तो उद्या नाक्यावर पाटी लावेल!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. जन्मभर याच माणसाच्या चुका काढल्या होत्या. खरी कुठली आणि लबाडीची कुठली ते त्यांना समजत होतं. बघता बघता त्यांचा खांदा हलू लागला. मग छातीतून एक खरखरीत, वाकडातिकडा आवाज निघाला. काका घाबरून उठले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काकू हसताहेत.

"सहा," काकू म्हणाल्या. "सहाच्या... सहा."

"हो, हो. अकरा नाहीत ना?" काका म्हणाले. "पहिल्या प्रूफापेक्षा कमीच आहेत."

संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन्ही रांगा बदलून दुसरं प्रूफ आणलं. आता डावीकडचं डावीकडे होतं. काकूंनी घंटा दाबली, घंटा वाजली. दिवा दाबला, दिवा लागला. काका कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "लिहा बाई. छापा."

काकूंनी लिहिलं नाही. त्यांनी पेन्सिल सगळ्यात वरच्या गोलावर नेली. घंटा. त्या शब्दावरून एक आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला शेपटीचा फास काढला. ही खूणही काकांना पाठ होती. काढून टाका.

आता मात्र काकांना लागलं. "घंटा काढून टाकू? अगं, ती तर मुख्य! तुला काही हवं झालं, काही दुखलं, तर मला कळणार कसं? मी आहे कशाला घरात?"

काकूंनी पेन्सिलीने वरच्या रिकाम्या झालेल्या जागेत लिहिलं, अक्षरं एकमेकांवर पडली: दिवा. मग बाण काढून घंटा नेली पार खाली, उजवीकडे, त्या कोऱ्या बटणावर. जिथे अंगठा ताणल्याशिवाय पोचत नाही.

"आधी... मी," काकू म्हणाल्या. श्वास घेतला. "मग... तुम्ही."

काका कितीतरी वेळ तो कागद हातात घेऊन बसले. केसमध्ये हाताशी काय ठेवायचं, हे त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवलं होतं. काकूंचा हात काय मागतो ते विचारलंच नव्हतं. त्यांनी घंटा हाताशी ठेवली होती, कारण त्यांना हाक हवी होती. तिला हाक नको होती. तिला दिवा हवा होता.

"दुरुस्ती मान्य," ते म्हणाले.

तिसरं प्रूफ दुसऱ्या दिवशी झालं. डावीकडे दिवा, पंखा, पडदा. उजवीकडे रेडिओ, मग कोरं, मग घंटा. काकूंनी चुका काढल्या नाहीत, पण "छापा"ही लिहिलं नाही. दोन दिवस नुसतं वापरून बघितलं. दिवसा सगळं ठीक. पण दिवेलागणीला खोली काळवंडली की बटणं दिसेनात, अंगठा डाव्या रांगेत घोटाळायचा आणि पडदाच उघडायचा. पलीकडच्या गच्चीवरच्या बाईने एव्हाना हात हलवायला सुरुवात केली होती.

"म्हणून तर खाचा हव्यात," काका म्हणाले आणि कानस घेऊन बसले. कागदावर त्यांनी नव्या मांडणीप्रमाणे खाचांचा तक्ता केला होता: दिव्याला एक, मग दोन, तीन, फुली, आडवी रेघ. काकूंनी तक्ता हातात घेतला. वाचला. आणि पेन्सिल चालवली. दोन खाचा, काढून टाका. तीन, काढून टाका. फुली, काढून टाका. रेघ, काढून टाका. तक्ता लालेलाल. उरली ती दिव्यापुढची एक खाच.

"अगं, मग बाकीची कळणार कशी?"

काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की छापखान्यातला तो अकरा चुकांचा जुळारी पुन्हा खिडकीशी उभा राहिला.

"दिव्यात... दिसतील," काकू म्हणाल्या.

काका स्वतःशीच मान हलवू लागले. ज्या माणसाने जन्मभर खाच असलेला खिळा हाताळला, एका खिळ्याला एकच खाच लागते हे ज्याच्या अंगठ्याला ठाऊक, तो पाच बटणांवर नक्षीकाम करायला निघाला होता. एक दिवा लागला की बाकीचं सगळं आपोआप दिसतं. एवढं साधं.

तेवढ्यात कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिल टेकली. बराच वेळ लागला. काना जरा लांब गेला, दुसरं अक्षर ओळीखाली घसरलं. पण शब्द तोच होता. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि वाचला. मग रिमोट गुडघ्यांत धरून, श्वास रोखून, वरच्या डाव्या बटणावर कानशीने एक खाच पाडली. पांढरा भुगा फुंकरीने उडवला. अंगठा फिरवला. लागली.

त्या संध्याकाळी काका मुद्दाम आत डोकावले नाहीत. दूध तापायला ठेवलं आणि कांदा चिरत बसले. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी झाला. विळीवर त्यांचा हात चालत होता आणि कान आतल्या खोलीत होता. आत काहीच हालचाल नाही. उठावं का? त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, पुन्हा काढला. परवानगी नाही, त्यांनी स्वतःला बजावलं.

आणि मग दोन खोल्यांमधल्या बोळात, फरशीवर उजेडाची एक पट्टी येऊन पडली. लांबट, स्वच्छ, दाराच्या रुंदीची. ओलसर फरशी सोन्यासारखी दिसू लागली. काका त्या पट्टीकडे बघत राहिले. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, तसं आलं होतंच. त्यात थोडं आणखी आलं तर कुणाला कळणार?

तेवढ्यात घंटा वाजली. एकदाच. चोख.

काका धावले. पायाचं बोट जपत, पण धावले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, दिव्याच्या उजेडात, रिमोट मांडीवर.

"काय गं? काय हवंय?"

"काही नाही."

"मग?"

"दिसलं?" काकूंनी विचारलं.

"दिसलं," काका म्हणाले. "पार स्वयंपाकघरापर्यंत आलं."

काकूंनी समाधानाने मान डोलावली. काका पलंगाच्या कडेला टेकले. दोघं खिडकीकडे बघत बसले. काकूंनी, केवळ येतं म्हणून, पडदा एकदा लावला आणि एकदा उघडला. पलीकडच्या गच्चीवरून हात हलला. काकूंनीही डावा हात वर केला.

आणि मग काकूंचं नाक हललं. भुवया चढल्या. छातीत श्वास भरला आणि तो सगळा एकदम बाहेर पडला, मोडका, खरखरीत, वाकडा, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा मोठा:

"अहो! दूध!"

काका उठले ते पळतच. दूध उतू जाऊन ओट्यावर, ओट्यावरून खाली आलं होतं, पातेल्याच्या बुडाशी करपलं होतं. वरच्या मजल्यावरून घड्याळजीचा आवाज आला, "काय रे, आता काय जाळलंस? वहिनी कशाला ओरडल्या?"

काका हातात फडकं घेऊन त्या दुधाच्या तळ्यात अनवाणी उभे होते. त्यांनी मान वर करून छताला उत्तर दिलं, "चूक काढली रे! माझी चूक काढली!"